मुलांची चित्रं सांभाळायची, तर आधी एवढंच करा

सगळीच चित्रं ठेवायची नसतात, हे आधी मान्य करा. मी पहिली 2 वर्षं चिटोरंसुद्धा टाकलं नाही; शेवटी ढिगात चांगली चित्रंही चुरगळली. आता महिन्याला 4-5 निवडतो, बाकीच्यांचा दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढतो.

चित्र हातात आलं की लगेच मागे पेन्सिलीनं तारीख, वय आणि मूल काय म्हणालं ते लिहा. माझ्याकडच्या एका जांभळ्या गोळ्यामागे 'आजी झोपलीय' असं लिहिलंय. ते नसतं तर आज तो नुसता गोळाच!

नवखे हमखास करतात त्या चुका:
- सेलोटेप. काही वर्षांत पिवळी पडते, डाग कायमचा राहतो. दोरी आणि चिमटे बरे.
- लॅमिनेशन. एकदा केलं की कागद परत सुटा होत नाही. खडूचं चित्र तर उष्णतेनं फिसकटतं.
- उन्हाची भिंत. स्केचपेनचे रंग भराभर उडतात.

तेलखडूच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला, फाइल आडवी आणि कोरड्या जागी ठेवा. भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदला, पण कुठलं लावायचं ते मुलालाच ठरवू द्या. फ्रेम, खास कागद वगैरे नंतर बघू.