बारावीनंतर जर्मनी: वैद्यकीय, फार्मसी की आंतरशाखीय पदवी?

प्रिय मृण्मयी,

तू सविस्तर लिहिलेस, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तू सांगलीला बारावी सायन्सला आहेस, जीवशास्त्राबरोबर गणितही ठेवले आहेस, पुढे जर्मनीत येण्याचे मनात आहे, पण एमबीबीएससारखा अभ्यासक्रम घ्यावा, फार्मसी घ्यावी की बायोमेडिकलसारखी दोन-तीन शाखांना जोडणारी पदवी घ्यावी, हे ठरत नाही, असा तुझा प्रश्न आहे. मी महाराष्ट्रात बी.फार्म करून इकडे आले आणि आता बायर्न राज्यातील एका छोट्या गावात फार्मासिस्ट म्हणून काम करते. फार्मसीविषयी स्वतःच्या अनुभवावरून लिहीन. बाकी दोन वाटांविषयी रोज ज्यांच्याशी काम पडते त्या डॉक्टरांकडून आणि इथे शिकणाऱ्या आपल्या मुलांकडून जे कळले त्यावरून.

पदवी निवडण्याआधी एक गोष्ट घरी बसून ठरव: काम कोणत्या देशात करायचे आहे? डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांना पदवी पुरत नाही, परवाना लागतो, आणि परवाना त्या त्या देशापुरता असतो. मुले परदेशी विद्यापीठांची नावे पाहून निवड करतात आणि परवान्याचा विचार चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू होतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत कठोर आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय पदवी घेऊन भारतात व्यवसाय करायचा असेल, तर अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे लागते. शिवाय परदेशी जाणाऱ्यालाही ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण जर्मन भाषेतून होते. म्हणजे इथे डॉक्टर झालीस तर पुढेमागे आई-बाबांजवळ परतून सांगलीत दवाखाना काढण्याचा रस्ता या नियमामुळे अडतो. ‘जर्मनीत कमी खर्चात डॉक्टर व्हा’ अशी जाहिरात करणारे एजंट ही बाब क्वचितच सांगतात.

अभ्यासक्रम उत्तम आहे, यात शंका नाही. तो सहा वर्षे तीन महिन्यांचा असतो. दोन वर्षांनंतर पहिली राज्यस्तरीय परीक्षा, पाचव्या वर्षानंतर दुसरी, मग ४८ आठवडे रुग्णालयात प्रत्यक्ष काम आणि शेवटी तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा. पहिल्या परीक्षेआधी तीन महिने रुग्णसेवा करावी लागते, त्यात रुग्णाला अंघोळ घालण्यापासून चादरी बदलण्यापर्यंत सगळे येते. अडचण प्रवेशाची आहे. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी साधारण ५ टक्के जागा असतात आणि त्यांवर जगभरातून अर्ज येतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: डॉक्टरच व्हायचे असेल आणि नीटमध्ये सरकारी महाविद्यालय मिळत असेल, तर एमबीबीएस महाराष्ट्रात कर. त्यानंतर जर्मन शिकून, इथली वैद्यकीय भाषेची परीक्षा आणि गरज पडल्यास ज्ञानपरीक्षा (आपले शिक्षण इथल्या तोडीचे आहे ना, हे तपासणारी परीक्षा) देऊन परवाना घेता येतो. इथे स्पेशलायझेशन ही पगारी नोकरी असते. नीट-पीजीसारखी देशव्यापी चाळणी परीक्षा नसते, थेट रुग्णालयांकडे अर्ज करायचे असतात. दोन्ही देशांची दारे उघडी ठेवणारा हाच मार्ग आहे.

आता फार्मसी. ‘मेडिकल दुकानात बसण्यासाठी परदेशी कशाला जायचे?’ असे तुझ्या काकांनी विचारले, असे तू लिहिले आहेस. त्यांना आमच्या कामाचे स्वरूप जरूर सांग. इथे औषधालयाचा मालक स्वतः फार्मासिस्टच असावा लागतो आणि त्याला एक मुख्य व जास्तीत जास्त तीन शाखा एवढीच औषधालये चालवता येतात. आमच्या मागच्या खोलीत एक छोटी प्रयोगशाळा आहे. मलमासाठी मागवलेला कच्चा माल आला की तो लेबलवर लिहिलेलाच पदार्थ आहे ना, याची चाचणी आम्ही करतो, नोंद ठेवतो, मगच तराजूवर घेतो. त्वचारोगतज्ज्ञाने लिहून दिलेले मलम वजन करून, मिसळून, डबीत भरून त्यावर मुदतीची तारीख घालणे हे नेहमीचे काम आहे. रात्रपाळीला दार बंद असते. घंटा वाजली की दारातल्या छोट्या खिडकीतून बोलायचे, तापाने फणफणलेल्या बाळाच्या वजनानुसार मात्रा सांगायची, आणि डॉक्टरांनी दिलेल्या दोन औषधांचे एकमेकांशी जमत नसेल तर त्या वेळीही डॉक्टरांना फोन करायचा. निर्णयाची जबाबदारी तुझी असते, आणि म्हणूनच मला हे काम मनापासून आवडते.

इथला फार्मसीचा अभ्यासक्रम विद्यापीठात चार वर्षांचा आणि त्यानंतर १२ महिने प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा असतो, त्यातले किमान सहा महिने औषधालयात. पहिली दोन वर्षे बहुतांशी रसायनशास्त्राची, तासन्‌तास प्रयोगशाळेत उभे राहण्याची. रसायन आवडत नसेल तर केवळ डॉक्टरकीचा पर्याय म्हणून ही शाखा घेऊ नकोस. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जागा इथेही मर्यादितच असतात.

म्हणून फार्मसीसाठीही मी आधी महाराष्ट्रातच पदवी घे, असे सुचवीन. एमएचटी-सीईटीतून माटुंग्याच्या आयसीटीसारख्या (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) संस्थेत प्रवेश मिळाला तर पाया भक्कम होतो. बी.फार्म झाल्यावर इथला परवाना मिळवताना तुझ्या अभ्यासक्रमाची इथल्याशी तुलना होते, कमी पडले तर ज्ञानपरीक्षा होते आणि फार्मासिस्टांच्या राज्य परिषदेची भाषापरीक्षा द्यावी लागते, तीत ग्राहकाशी आणि सहव्यावसायिकाशी संवाद साधून दाखवावा लागतो. बी.फार्म आणि फार्म.डी. यांत कोणते घ्यावे, हेही तू विचारले आहेस. पुढे अमेरिकेचा विचार थोडाही असेल तर फरक मोठा आहे: २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टांना तिथे किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे चार वर्षांची बी.फार्म चालत नाही, सहा वर्षांची फार्म.डी. चालू शकते. जर्मनीपुरता विचार असेल तर बी.फार्म पुरे.

तिसऱ्या, म्हणजे आंतरशाखीय पदवीच्या वाटेवर परवान्याचे ओझे नाही. एर्लांगेनच्या विद्यापीठात वैद्यकीय तंत्रज्ञानाची पदवी आहे आणि त्याच शहरात सीमेन्स हेल्थिनियर्स या वैद्यकीय यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे मोठे केंद्र आहे. हाइडेलबर्ग आणि हाइलब्रॉन येथे वैद्यकीय माहितीशास्त्राचा (मेडिकल इन्फॉर्मॅटिक्स) संयुक्त अभ्यासक्रम १९७२ पासून चालतो. ट्युबिंगेन, उल्म, ग्योटिंगेन येथे रेण्वीय वैद्यकाची (मॉलिक्युलर मेडिसिन) पदवी मिळते. भारतातही आयआयटी मद्रासने २०२३ पासून वैद्यकीय विज्ञान आणि अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी सुरू केली आहे. या पदव्या घेतलेल्याला रुग्ण तपासता येत नाही, हे आधीच मनाशी पक्के कर. मात्र यंत्रे, प्रतिमा, जनुके, संगणक यांत रस असेल तर हे शिक्षण कोणत्याही देशात घेऊन जाता येते. तू गणित सोडले नाहीस, हे फार चांगले झाले, कारण तंत्रज्ञान आणि माहितीशास्त्राकडे वळताना गणिताशिवाय निभाव लागत नाही.

बारावीनंतर लगेचच यायचे ठरवलेस तर बहुधा एक वर्ष पूर्वतयारीच्या महाविद्यालयात काढावे लागेल. वैद्यक, फार्मसी आणि जीवशास्त्रासाठी तिथे वेगळा वर्ग असतो आणि त्याची प्रवेश परीक्षाही जर्मनमधून असते. भारतात बी.फार्मसारख्या पदवीचे पहिले वर्ष यशस्वीरीत्या पूर्ण केल्यास त्याच विषयासाठी थेट अर्ज करण्याची वाट खुली होऊ शकते. हे प्रत्येक विद्यापीठाकडून लेखी विचारून घे. भारतीय शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करणाऱ्या एपीएस या जर्मन कार्यालयाचे प्रमाणपत्र लागेल. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, परंतु बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड’ खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात. बाबांनी कर्जाचा हिशेब करताना हा आकडा धरावा.

या वर्षी नीट आणि सीईटी दोन्ही दे. परीक्षा संपल्यावर पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाच्या जर्मन वर्गाला नाव घाल. तिन्ही वाटांवर ते उपयोगी पडेल. आणि महाराष्ट्रात पदवी घेतलीस तर प्रत्येक सत्राचा अभ्यासक्रम, विषयवार तासिका आणि प्रात्यक्षिकांच्या तासांसह, महाविद्यालयाच्या सही-शिक्क्यानिशी त्याच वर्षी मागून ठेव. इथले कार्यालय परवाना देताना गुणांइतकेच तास पाहते, आणि पदवीनंतर काही वर्षांनी तो कागद मिळवायला सांगलीला हेलपाटे घालावे लागतात.

तुझी ताई