पाणीप्रश्न : विहीर बुडायच्या आधी ठराव करा

प्रश्न : मी मुळशी तालुक्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमची पाणीपुरवठ्याची विहीर नदीकाठी आहे. गेल्या जुलैत पूर आला आणि विहीर दोन दिवस पाण्याखाली होती. मोटार जळाली, स्टार्टर गाळाने भरला. अकरा दिवस लोक ओढ्याचं पाणी प्यायले, घरोघरी जुलाब सुरू झाले. शेवटी वर्गणी काढून मोटार बसवली. दीड महिन्याने तालुक्याच्या एका कार्यालयात गेलो, तर म्हणाले, पंचनामा नाही, आता काही मिळायचं नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे अशा वेळी गावांना सरकारी अनुदान मिळतं म्हणे. आपल्याकडे असं काहीच नाही का?

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं. एकतीस वर्षं ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, त्यातली बरीचशी याच जिल्ह्यात. तुमच्या विहिरीसारख्या किती तरी विहिरी मी पुरानंतर पाहिल्या आहेत, आणि दर वेळी मोटारीआधी लोकांचं पोट बिघडलेलं असतं.

भाचा म्हणतो ते खरं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची तशी योजना आहे. दहा हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना पूर, दुष्काळ, भूकंप, रसायन सांडणं, रोगाची साथ अशा प्रसंगी पिण्याच्या पाण्यासाठी अनुदान मिळतं. फुटक्या वाहिन्यांच्या दुरुस्तीला दीड लाख डॉलरपर्यंत, नवा उद्भव म्हणजे पाण्याचा स्रोत किंवा शुद्धीकरण केंद्र करायचं असेल तर दहा लाख डॉलरपर्यंत. रकमेपेक्षा मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. संकट येऊन गेल्यावरच नाही, तर ते समोर दिसत असतानाही गाव अर्ज करू शकतं. आपल्याकडे अशी एकच खिडकी असायला हवी, असं मी नोकरीत असतानाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

आपल्याकडे पैसा आहे, पण तो वेगवेगळ्या डब्यांत. कुठला डबा कधी उघडतो ते कळलं की निम्मं काम झालं.

पूर ओसरल्यावर उघडतो तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. तातडीचा पाणीपुरवठा आणि बिघडलेल्या पाणी योजनेची तातडीची दुरुस्ती यात बसते. पण त्याला पंचनामा लागतो, आणि पंचनामा चिखल ओला असतानाच व्हावा लागतो. पाणी उतरलं त्याच दिवशी भिंतीवरच्या गाळाच्या रेषेचा फोटो काढा, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. जळालेली मोटार भंगारात देऊ नका. तलाठ्यांना आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना जागेवर न्या, तहसीलदारांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या, आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा उपविभागाकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक करून घ्या. तुम्ही दीड महिन्याने गेलात तेव्हा विहीर धुतलेली, मोटार नवी. कुणी काय लिहायचं? तुमचा दोष नाही, तुम्हाला हे आधी कुणी सांगितलं नाही, हा खरा दोष.

टंचाई आराखड्याच्या पैशाच्या मागे मात्र जाऊ नका. तो आराखडा ऑक्टोबर ते जूनचा असतो. टँकर, खासगी विहिरीचं अधिग्रहण, विंधन विहीर, नळ योजनेची विशेष दुरुस्ती ही कामं त्यात येतात. जुलैचा पूर त्यात बसत नाही.

आणि आपत्ती निधी होतं तेवढंच परत उभं करून देतो. कठडा चार फूट उंच करायला तो पैसे देत नाही. त्यासाठी तुमच्याच दप्तरात पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना जे अनुदान दिलं, त्यातलं ६० टक्के बंधित आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायचं. त्यातलं निम्मं पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी, निम्मं स्वच्छतेसाठी. म्हणजे एकूण अनुदानातले तीस टक्के पाण्याचेच. यातलं किती अखर्चित आहे, हे भाऊसाहेबांना पुढच्या मासिक सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मात्र काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर खर्च टाकता येत नाही. आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. तिथे गटार आणि पेव्हर ब्लॉक मागायला खूप जण असतात, विहिरीचा कठडा मागणारं कुणी नसतं. तुम्ही मागा.

काय मागायचं, तेही सांगतो. विहिरीचा कठडा गाळाच्या रेषेपेक्षा वर. भोवती सिमेंटचा ओटा. स्टार्टर आणि पॅनेल खोलीतल्या जमिनीवरून काढून उंच चौथऱ्यावर. पुराच्या पट्ट्याबाहेर दुसरा उद्भव, निदान एक विंधन विहीर, आणि ती टाकीला जोडलेली. हे मोठ्या रकमेचं काम असेल तर राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी आहे. आपत्ती निधीच्या एकूण रकमेतला २० टक्के वाटा अशा आधीच्या तयारीसाठी राखलेला असतो. त्यासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रस्ताव द्यावा लागतो. शिवाय हिंजवडीच्या कंपन्या तुमच्यापासून फार लांब नाहीत. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. सुरक्षित पिण्याचं पाणी त्या यादीत आहे, आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. नुसती मागणी घेऊन जाऊ नका. अंदाजपत्रक आणि ग्रामसभेचा ठराव सोबत न्या.

आता पैशाहून स्वस्त गोष्ट. एका गावात पुरानंतर मी टीसीएलची, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची, गोणी पाहायला मागितली. तोंड उघडंच होतं. हात घातला तर दमट ढेकळं लागली, आणि नाक जवळ नेलं तरी वास नाही. क्लोरीन केव्हाच उडून गेलं होतं, गाव महिनाभर पाण्यात चुना टाकत होतं. पाण्यात औषध टाकणाऱ्या जलसुरक्षकाने नेमाने नोंदवही भरली होती, पण पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणारी ओटी टेस्ट केलेली नव्हती. केली असती तर नळीतलं पाणी पिवळं झालं नाही, हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. त्या गावातलं एक लहान मूल गॅस्ट्रोने दवाखान्यात होतं, ते मी विसरलेलो नाही.

चांगल्या टीसीएलचं रोजचं माप हजार लिटरला पाच ग्रॅम, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत तेरा फूट पाणी असेल तर ते साधारण एक लाख सोळा हजार लिटर होतं. म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर टीसीएल लागतं, मूठभराने भागत नाही. पूर येऊन गेल्यावर हे मापही पुरत नाही. आधी गढूळ पाणी पूर्ण उपसा, मग आरोग्य सेवकांच्या सल्ल्याने जादा मात्रा, रात्रभर थांबा, पुन्हा उपसा, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत उकळूनच प्या. जूनमध्ये पावसाआधीच घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी साठा ठेवा. त्याचा खर्च तर पाणीपट्टीतूनच निघतो.

माझी आई पुण्यात शनिवार पेठेत राहायची. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पुराच्या गोष्टी सगळेच सांगतात, पण आई पुढच्या दिवसांचं सांगायची. शहराला पाणी देणारं धरणच रिकामं झालेलं, दारात गुडघाभर चिखल आणि पोरांना द्यायला भांडंभर स्वच्छ पाणी नाही. तुमच्या पत्रातले अकरा दिवस वाचताना मला तीच आठवली.

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची ८४ घरांची सोसायटी आहे. २०२५च्या साथीनंतर सगळे घाबरलेले आहेत. सोसायटीला अनुदान मिळेल का?

उत्तर : तुमच्या भागात जानेवारी २०२५मध्ये जीबीएसची, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली, पुणे परिसरातली रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. भीती रास्तच आहे. पण आतल्या टाक्या तुमच्या मालकीच्या, त्यांच्यासाठी अनुदानाची वाट पाहू नका. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती-देखभाल निधी जमतो. जमिनीखालच्या टाकीची गळती आणि झाकण त्यातून आधी करा. ड्रेनेजची लाइन टाकीला लागून गेली असेल तर ती हलवा, खर्च जास्त आला तरी. टँकर घेत असाल तर प्रत्येक टँकरचं पाणी टाकीत उतरवण्याआधी तपासा. आणि टाकीपासून सर्वांत लांबच्या नळावर आठवड्यातून एकदा क्लोरीन पाहा, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. किट महाग नाही. वॉचमनवर सोडू नका, समितीतल्या एकाने स्वतः बघून वहीत सही करायची.