चुनखडीचं रान, न लागणारा स्फुरद आणि ॲसिडच्या बाटल्या

राम राम शेतकरी बंधू-भगिनींनो, रब्बीची तयारी सुरू झाली तसे एकाच विषयाच्या आजूबाजूचे प्रश्न यायला लागलेत म्हणून एकत्रच उत्तर देतोय. परभणीकडच्या एका दादांनी विचारलंय की रान चुनखडीचं आहे, पीएच ८.४, दरसाल डीएपी हे स्फुरदाचं खत टाकतो तरी माती परीक्षणात स्फुरद (फॉस्फरस) कमीच येतो, आता दुकानदार म्हणतो ऑरगॅनिक ॲसिडची बाटली ड्रिपमधून सोडा म्हणजे अडकलेला स्फुरद मोकळा होईल, तर सोडू का? दुसऱ्या एका भावाने "न्यूक्लिक ॲसिड" लिहिलेल्या टॉनिकचा फोटो पाठवलाय, मका जांभळा पडलाय त्यावर मारू का म्हणून. आणि एका ताईंचा प्रश्न हरभऱ्याच्या आंबेचा आहे, की पान एवढं आंबट असताना घाटेअळी येतेच कशी?

दादा, स्फुरद अडकतो तो चुन्यातल्या कॅल्शियमला चिकटून, म्हणून आधी चुन्याचा हिशोब करू. एकराच्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं, त्यात मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) ५ टक्के धरला तरी तो ४५ टन होतो. एक किलो सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, जास्तीत जास्त पाऊण किलोच्या आसपास चुना विरघळवतं आणि संपतं. आता बाटलीभर ॲसिडने तुमच्या रानाचं काय होणार ते तुम्हीच बघा. ड्रिपर साफ करायला ॲसिड वापरतात ती गोष्ट वेगळी, पण जमिनीचा चुना हटवायला हा पैसा घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ऑरगॅनिक ॲसिड कामाचंच नाही का, तर तसंही नाही, ते कामाचं आहे पण जागा बरोबर पाहिजे. पिकाचं मूळ स्वतःच ॲसिड सोडतं आणि ते काम करतं मुळाच्या अगदी लगत, एखाद-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात, जिथं चुन्याशी सगळीकडे लढायची गरजच नसते, फक्त तिथल्या कॅल्शियमला धरून ठेवलं की त्याला चिकटलेला स्फुरद सुटतो आणि मूळ तो लगेच उचलतं. हरभरा यात फार हुशार आहे, त्याच्या मुळातून सायट्रिक ॲसिड भरपूर बाहेर पडतं म्हणून काळ्या चुनखडीच्या रानात तो कमी खतावरही तग धरतो. तुरीची तऱ्हा अजून वेगळी. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट संस्था आहे, तिथलं तुरीवरचं काम १९९० साली प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की तुरीचं मूळ पिसिडिक ॲसिड नावाचं ॲसिड सोडतं, ते लोखंडाला धरतं आणि लोखंडाने बांधलेला स्फुरद मोकळा करतं. लाल मातीत असा स्फुरद जास्त असतो आणि बाकीच्या पिकांना तो सहसा मिळत नाही. तुरीचा पाला रानात गळतो, कुजतो, त्यातून थोडा स्फुरद पुढच्या पिकालाही मिळतो, त्यामुळे फेरपालटात तूर किंवा हरभरा ठेवा म्हणतो ते नुसतं नत्रासाठी नाही.

दुसरे ॲसिड बनवणारे म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आपण पीएसबी म्हणतो ते. हे ग्लुकॉनिक ॲसिडसारखी ॲसिडं तयार करतात, पण त्यांना खायला कर्ब लागतो, शेणखत नाही, पालापाचोळा नाही आणि नुसतं पाकीट टाकलं तर ते बिचारे उपाशी काय करणार. हरभऱ्याच्या १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पीएसबी आणि तेवढंच रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कीटकनाशक असेल तर त्यानंतर, जिवाणू सगळ्यात शेवटी, हा क्रम उलटा केला की जिवाणू मेले म्हणून समजा. आणि डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेऊन बघा, त्यात स्फुरद १६ टक्केच आहे पण गंधकही मिळतं, ते चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून बियाण्याच्या खाली ओळीत पडू द्या, रानभर फेकू नका, जेवढी जास्त माती लागेल तेवढा स्फुरद जास्त अडकतो.

लिंबूसत्त्व खरं कुठं वापरायचं ते पण सांगतो. चुनखडीत शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम लिंबूसत्त्व, मग ५० ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून फवारा. द्रावण फिकट हिरवट असेपर्यंतच वापरा, विटकरी गढूळ झालं की लोह बसलं, ते ओतून द्या.

आता न्यूक्लिक ॲसिड. डीएनए आणि आरएनए ही ती दोन न्यूक्लिक ॲसिडं, प्रत्येक पेशीत असतात आणि त्यांची साखळी साखर आणि फॉस्फेटच्या कड्यांनी बनते, म्हणजे नवीन पेशी बनायची तर स्फुरद हवाच. स्फुरद कमी पडला की झाड जुन्या पानातलं आरएनए मोडतं आणि त्यातला स्फुरद शेंड्याकडे पाठवतं, म्हणूनच मक्याची खालची पानं कडेने जांभळी पडतात. भाऊ, बाटलीतलं न्यूक्लिक ॲसिड पीक आहे तसं वापरत नाही, ते आधी एन्झाइमने तुटतं आणि शेवटी त्यातून थोडा नत्र-स्फुरदच मिळतो, तोच तुम्ही फार महाग भावाने घेताय. झाड आपली साखळी आपणच विणतं. मका लहान असेल आणि थंडी असेल तर गारठ्यात मूळ नीट चालत नाही म्हणूनही रंग येतो आणि ऊन वाढलं की जातो, तेव्हा आधी आठ-दहा दिवस थांबून नवीन पान बघा, तेही जांभळं येत असेल तर माती तपासा.

ताई, तुमची आंब. हरभऱ्याच्या पानावरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड पाझरतं. जुनी माणसं रात्री पिकावर कापड अंथरून सकाळी दवासकट पिळून ही आंब गोळा करायची, पोटदुखीवर. यातल्या ऑक्झॅलिकमुळे लहान अळीची वाढ मंदावते, पण थांबत नाही, आणि ती घाट्यात शिरली की पानावरच्या आंबेचा तिला काही त्रासच राहत नाही. म्हणून अळी लहान असतानाच गाठा. पक्षी थांबे (पक्ष्यांना बसायला काठ्या), कामगंध सापळे (वासाने नर पतंग पकडणारे), ५ टक्के निंबोळी अर्क, आणि त्यानंतर एचएएनपीव्ही. हा अळीचा विषाणू डीएनएवालाच आहे, अळीच्या अल्कलीयुक्त आतड्यात त्याचं प्रथिनाचं कवच विरघळतं, डीएनए पेशीत शिरून अळीकडूनच विषाणू बनवून घेतो आणि अळी शेंड्याला उलटी लटकून पाण्यासारखी होते. उन्हातल्या अतिनील किरणांनी मात्र हाच डीएनए खराब होतो, त्यामुळे फवारणी दिवस मावळतानाच करा, मात्रा लेबलप्रमाणे, पाण्यात लिटरला १ ग्रॅम कपड्याची नीळ टाका.

दादा, पुढच्या वेळी माती परीक्षणाचा कागद पाठवाल तेव्हा पीएचसोबत मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा दिसेल असा फोटो काढा, त्यावरून सुपर फॉस्फेट किती आणि शेणखत किती ते ठरवता येईल.