नवीन आयुर्विमा एजंटने नातेवाइकांनाच आधी पॉलिसी विकावी का?

ओळखीच्यांना जरूर भेटा, पण पॉलिसी गळ्यात मारू नका. त्यांच्याकडून त्यांच्या ओळखीतल्या इतरांची नावं मागा. ओळखीची यादी लवकर संपते आणि भिडेखातर घेतलेली पॉलिसी अनेकदा दुसऱ्या वर्षीच बंद पडते. कमिशनचा मोठा वाटा पहिल्या वर्षी मिळत असला, तरी नूतनीकरणाचं कमिशन हप्ते चालू राहिले तरच येतं. भेटीत आधी विचारा: कमावणारे किती, कर्ज किती, मुलं केवढी? आणि प्रस्ताव अर्जात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपुढे परस्पर ‘नाही’ लिहू नका, अगदी सख्ख्या मावशीच्याही. लपवलेल्या आजारामुळे दावा नाकारला गेला, तर भोगावं लागतं त्या घराला. मात्र घरात दुसरं उत्पन्न नसेल, तर सुरुवातीला हे काम नोकरी सांभाळूनच करा.