खाणीच्या ढिगाऱ्यावर रोपं लावण्याआधी

रोपांची घाई नको. आधी ढिगाऱ्यातलं गंधक तपासून घ्या. नुसत्या सामूवर (pH, आम्लता दाखवणारा आकडा) विसंबलात तर फसाल. पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) ताजं असताना सामू ७ च्या आसपास दिसू शकतो, मग हवा-पाणी लागून आम्ल सुटतं आणि लावलेलं सगळं जळतं. सल्फाइड रूपातलं, म्हणजे पायराइटसारख्या खनिजातलं गंधक १ टक्का असेल, तर ते आम्ल मारायला दर टन मालामागे ३१.२५ किलो शुद्ध चुनखडी लागते. मी म्हणेन दीडपट धरा, कारण कणांवर लोहाचा थर बसून बरीचशी चुनखडी निकामी होते. भुकटी बारीक हवी, आणि ती वर भुरभुरवून सोडू नका, नीट मिसळा. ढिगाऱ्याचा उतार १ उभ्याला ३ आडवा ठेवा. झाडं लावायची असतील तर वरचा मीटरभर थर यंत्रांनी दाबू देऊ नका, मुळं तिथंच अडतात. पहिल्या वर्षी स्थानिक गवत, तेही विरळ; दाट गवत रोपांचं पाणी पळवतं.