खेळाडूंच्या जुन्या चुका माध्यमांनी उकरून काढाव्यात का?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय, की "प्रसिद्धी हवी असेल तर बदनामीही सोसावी लागणार, त्यात रडायचं काय?" मी अकरा वर्षं एका जिल्हा दैनिकाच्या क्रीडा पानावर उपसंपादक होतो. हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. बहुतेक वेळा रात्री साडेदहाला, पान सोडायला अर्धा तास उरलेला आणि खालच्या कोपऱ्यात चौकटीएवढी जागा रिकामी असताना.

इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्सचं उदाहरण घेतो, कारण रास्त बातमी आणि नुसती उकराउकर, एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही प्रकार आले.

सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलला एका नाइटक्लबबाहेर मध्यरात्रीनंतर मारामारी झाली, तिची चित्रफीत जगाने पाहिली. त्याचा अ‍ॅशेस म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कसोटी मालिकेचा दौरा हुकला, खटला चालला. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं, तरीही पुढे शिस्तभंगाच्या चौकशीत ३० हजार पौंडांचा दंड झालाच. यातलं काही छापू नये असं मी म्हणणार नाही. देशाकडून खेळणारा माणूस भर रस्त्यात हाणामारी करतो, तर बातमी होणारच. माझी तक्रार एवढीच, की पकडल्याची बातमी आठ कॉलम असते आणि सुटल्याची शोधावी लागते.

आता १७ सप्टेंबर २०१९ ची सकाळ बघा. जुलैत लॉर्ड्सवर वर्ल्ड कप जिंकून दिलेला, २५ ऑगस्टला हेडिंग्लीवर नाबाद १३५, सगळं इंग्लंड त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं. त्या दिवशी 'द सन' या ब्रिटिश दैनिकाने पहिल्या पानावर त्याच्या आईच्या आयुष्यातली १९८८ ची एक भीषण घटना छापली. तपशील इथे देत नाही. मी दिला तर मग 'द सन'ला काय बोलणार? न्यूझीलंडमधली घटना, आणि स्टोक्सचा जन्म १९९१ चा. म्हणजे जे घडलं त्यात त्याची चूक सोडाच, तो या जगातच नव्हता. आईचीही चूक नव्हती, तिच्यावर तर आभाळ कोसळलं होतं.

पेपरचा बचाव ऐकण्यासारखा आहे: हे तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येऊन गेलंय, शिवाय एका नातेवाइकानेच आम्हाला सहकार्य केलंय. कागदोपत्री बरोबर. पण तीस वर्षांपूर्वी एका देशात छापून आलेलं, लोक विसरलेलं दुःख पुन्हा दारात आणून टाकायचं, तर त्यासाठी आज काहीतरी कारण लागतं. इथलं कारण एकच: पोरगा हिरो झाला होता. आई आणि मुलगा कोर्टात गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये पेपरने माफी मागितली, भरपाई दिली. वडील, जेड स्टोक्स, डिसेंबर २०२० मध्येच गेले होते.

इंग्लंडचाच वेगवान गोलंदाज ऑली रॉबिन्सनचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं. जून २०२१, लॉर्ड्सवर पहिलीच कसोटी, आणि पहिल्याच दिवशी त्याची विशीच्या आसपासची वंशद्वेषी आणि बायकांबद्दलची घाणेरडी ट्विट्स बाहेर आली. त्याच सकाळी संघ भेदभावविरोधी टीशर्ट घालून मैदानावर उभा होता. माझ्या मते ही बातमी रास्त होती. त्याने स्वतः, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं ती माणसंही तिकीट काढून मॅच बघतात. त्याने त्याच दिवशी माफी मागितली. आठ सामन्यांची बंदी झाली, त्यातल्या पाच सामन्यांची शिक्षा स्थगित ठेवली. मग ऑगस्टमध्ये हेडिंग्लीला त्याने दुसऱ्या डावात भारताचे पाच गडी काढले, ते तुम्हाला आठवत असेलच (पहिल्या डावात आपण ७८ वर आटोपलो होतो, ते आठवायला नको). चूक झाली, चौकशी झाली, शिक्षा भोगली, खेळायला लागला. पण त्यानंतर इतर इंग्लिश खेळाडूंची शाळा-कॉलेजातली ट्विट्स उपसायची जी चढाओढ लागली, तिला मी पत्रकारिता म्हणणार नाही. ती फावल्या वेळातली मढी उकरणं.

आणि आपल्याकडे तर चूक लागतच नाही. सांथी सौंदराजन, तमिळनाडूतली धावपटू, २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरला रौप्य. लिंगचाचणीचा जो निकाल ती आणि डॉक्टर यांच्यात राहायला हवा होता, तो टीव्हीवरून देशभर गेला. पदक गेलं. पुढे ती वीटभट्टीवर राबत होती. तिने काय गुन्हा केला होता, ते मला कुणी सांगावं.

लांबच्या पेपरांना नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून आता माझं सांगतो.

आमच्या जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघाचं शिबिर सुरू होतं. एक चढाईपटू, चांगली होती, तिसऱ्या दिवशी शिबिर सोडून घरी गेली. रात्री एकाचा फोन आला, "काहीतरी भानगड आहे, बघा." मी प्रशिक्षकाला फोन लावला, लागला नाही. मुलीच्या घरी लावला नाही. चौकट टाकली: शिबिरातून अचानक माघार. शेवटची ओळ माझीच, पाठ झालेली: "याबाबत क्रीडा वर्तुळात उलटसुलट चर्चांना उधाण आले आहे." खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आणि चर्चा तोवर एका फोनापुरती होती. उधाण आलं ते सकाळी, आमचा पेपर गावात पोचल्यावर.

आईला दवाखान्यात ठेवलं होतं म्हणून ती गेली होती. प्रशिक्षकाला सांगून गेली होती.

दोन दिवसांनी तिचे वडील ऑफिसात आले. कात्रण घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं, सातबारा ठेवतात तसं. त्यांनी ते टेबलावर पसरलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "साहेब, उलटसुलट म्हणजे नक्की काय?" आवाज चढवला नाही. त्यांना खरंच अर्थ हवा होता, कारण गावात जो तो त्यांना आपापला अर्थ सांगत होता. मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही.

खुलासा आम्ही छापला. पाच ओळी, पान सातवर, सोन्याच्या भावाखाली. मुलीला घरच्यांनी पुन्हा शिबिराला पाठवलं नाही. पुढच्या वर्षीच्या संघात तिचं नाव नव्हतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: उकरा, पण आधी बघा की चूक त्याच माणसाची आहे का, तिचा खेळाशी किंवा लोकांशी काही संबंध आहे का, आणि त्याला स्वतःला फोन लावलाय का. तिसरं सगळ्यात स्वस्त असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

ती मुलगी आता एका शाळेत खेळ शिकवते असं ऐकतो. ऐकतो म्हणजे, तिला विचारायला मी काही गेलेलो नाही.