दुकान एक, पाट्या दोन

प्रश्न : मुलगी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये नर्स आहे. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा शँकिल रोडच्या बाजूला एका घराच्या अख्ख्या भिंतीवर बुरखेधारी बंदूकवाले रंगवलेले पाहिले. खाली नावं दोन : यूडीए आणि यूएफएफ. या दोन संघटना की एकच?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एकच. दुकान एक, पाट्या दोन.

यूडीए म्हणजे अल्स्टर डिफेन्स असोसिएशन. प्रोटेस्टंट वस्त्यांतली गस्तीपथकं १९७१ साली एकत्र आली, त्यातून ही उभी राहिली. आयआरए या कॅथलिकांच्या सशस्त्र संघटनेला आयर्लंड एक हवं होतं, यांना ब्रिटन सोडायचं नव्हतं. खून पाडायचे ते मात्र अल्स्टर फ्रीडम फायटर्स, म्हणजे यूएफएफ, या नावावर. मारले जायचे ते बहुतेक साधे कॅथलिक नागरिक. १९७३ साली सरकारने बंदी घातली तीही त्या नावावरच! यूडीए ऑगस्ट १९९२पर्यंत कायदेशीर होती. ऐंशीच्या दशकात मी तिथे नोकरीला होतो, तेव्हा पूर्व बेलफास्टमध्ये त्यांचं कार्यालय उघड चालायचं. बाहेरून बघाल तर एखाद्या पतपेढीचं वाटावं.

एवढी मोकळीक का? सभासद हजारोंनी. १९७४च्या संपात यांनी रस्ते अडवले आणि दोन आठवड्यांत प्रोटेस्टंट-कॅथलिकांचं संयुक्त सरकार पडलं. अशांना दुखवायला कोण धजावणार? पण माझ्या मते खरी मेख वेगळीच. लष्कराची माणसं यांच्यात आतपर्यंत होती. ब्रायन नेल्सन हा यूडीएच्या हेरखात्याचा प्रमुख, आणि तोच ब्रिटिश लष्कराचा पगारी खबऱ्या. फेब्रुवारी १९८९मध्ये आयआरएच्या आरोपींचे खटले लढवणारे वकील पॅट फिनुकेन यांना राहत्या घरी, बायकामुलांसमोर गोळ्या घातल्या. त्याआधी त्यांचा फोटो मारेकऱ्यांपर्यंत पोचवला होता तो नेल्सननेच. सरकारी यंत्रणेचे हात यात बरबटलेले होते, हे मान्य करून पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली. कधी? २०१२ साली.

शस्त्रं मोडीत काढल्याचं यूडीएने २०१०मध्ये जाहीर केलं. बंदी अजून आहे आणि टोळ्याही आहेत. आता अमली पदार्थ, खंडणी आणि सावकारी. भिंतीचे फोटो लेकीने खुशाल काढावेत, पर्यटकांच्या टॅक्सी तिथे मुद्दाम थांबतात. मात्र गल्लीतला कुणी बिनकागदाचे पैसे उसने देऊ करत असेल, तर घेऊ नयेत.